शेनंदोआच्या खोऱ्यातील राखणदार

वॉशिंग्टनहून वायव्येस निघालेला प्रवासी हार्पर्स फेरी येथे पोटोमॅक आणि शेनंदोआ या नद्यांचा संगम पाहून पुढे गेला, की त्याला सफरचंदांचा मुलूख लागतो. मागे पूर्वेस ब्लू रिजची निळसर रांग, पायाखाली चुनखडीची जमीन आणि उतारांवर फळबागा. हिमाचलातही होणारे पिवळे 'गोल्डन डिलिशस' सफरचंद मूळचे याच वेस्ट व्हर्जिनिया राज्यातले, हे पुष्कळांना ठाऊक नसेल.

या खोऱ्यातील केअर्नीझव्हिल नावाच्या लहानशा गावी अमेरिकन शेतीखात्याचे फळसंशोधन केंद्र उभे राहिले. केवळ देखाव्यासाठी कोणी तिकडे वाट वाकडी करील असे नाही. परंतु गृहिणींनी त्या गावाचे नाव ध्यानात ठेवावे, असे एक काम तेथे झाले आहे.

तोडणीच्या वेळी फळाला नख लागते, पेटीचा खिळा टोचतो. तेवढ्याशा जखमेतून निळी बुरशी आत शिरते आणि फळ पाणचट होऊन सडते. त्यावर रासायनिक औषधांचा इलाज होता. पण बुरशी त्यांतील काही औषधांना दाद देईनाशी झाली, आणि मुलांच्या हाती द्यावयाच्या फळावर औषधाचा अंश राहतो ही काळजी होतीच.

केंद्रातील चार्ल्स विल्सन आणि इस्रायलमधील व्होल्कानी संस्थेचे एदो चालुत्स यांना एक विलक्षण गोष्ट आढळली. संत्र्या-लिंबांच्या वर्गातील फळे धुऊन कोरडी केली, तर ती न धुतलेल्या फळांपेक्षा लवकर सडत! फळे धुतलेले दाट पाणी पोषक थरावर पसरले, तर त्यावर यीस्ट आणि जिवाणूच वाढत. तेच पाणी पुष्कळ पातळ करून पसरले, की सडविणाऱ्या बुरश्या डोके वर काढीत. म्हणजे शत्रू फळावर होताच, पण भोवतालच्या गर्दीत त्याला जागा मिळत नव्हती. १९९० साली हे निरीक्षण प्रसिद्ध झाले. (फळे बाजारातून आणल्याबरोबर न धुता खाण्याच्या वेळी धुवावीत, याला हेही एक कारण मानण्यास हरकत नाही.)

हे यीस्ट म्हणजे पाव फुगविणाऱ्या यीस्टचेच भाऊबंद. जखमेतील साखर ते बुरशीच्या आधी फस्त करतात आणि जागा अडवून बसतात. काही तर बुरशीच्या तंतूंना चिकटून ते पोखरतात. यासाठी त्यांना विष बनवावे लागत नाही, हे मला सर्वांत मोलाचे वाटते.

'कँडिडा ओलिओफिला' या यीस्टपासून केलेले 'ॲस्पायर' १९९५ साली अमेरिकेत नोंदले गेले. व्यवहारात मात्र त्याला थोड्या रासायनिक औषधाची जोड द्यावी लागे, आणि काही वर्षांनी ते बाजारातून गेले. बुरशी एकदा आत रुजली की यीस्टचे काही चालत नाही. राखणदार चोराच्या आधी पोचला पाहिजे. म्हणून तोडणी आणि यीस्टचा हात यांत वेळ दवडून चालत नाही. त्याच जातीच्या दुसऱ्या एका वाणाला युरोपीय संघाने २०१३ साली मान्यता दिली. तोडलेल्या सफरचंदांवर आणि नासपतींवर वापरण्यासाठी ती मान्यता होती.