परिपत्रकाचे चित्र
आज एका कचेरीचे परिपत्रक संगणकावर उघडले, तो कागदाचे नुसते छायाचित्र तेथे डकविलेले. आणि पडद्यावरील मजकूर उच्चारून दाखविणाऱ्या ज्या आज्ञावलीच्या आधारे माझे एक अंध स्नेही आपला सारा पत्रव्यवहार करतात, तिला अशा चित्रातील अक्षर सहसा उमगत नाही. जुन्या, युनिकोडपूर्व टंकातील मराठीची गत तर याहून शोचनीय: डोळ्यांना शुद्ध देवनागरी दिसते, कानांवर मात्र रोमन चिन्हांचा अर्थशून्य कल्लोळ पडतो. 2016 च्या दिव्यांग हक्क अधिनियमाने सुगम स्वरूपातील माहितीची जबाबदारी सरकारवर टाकली खरी. पण मूळ प्रत संगणकात असताना ती छापायची, तिच्यावर शिक्का मारायचा आणि पुन्हा तिचे चित्र काढायचे, हा द्राविडी प्राणायाम शिक्क्यावरील आपल्या अढळ श्रद्धेतूनच चालत असावा.