कासवाचे कवच आणि आपली जीवदया

कासव आपल्या समाजाला परके नाही. विसावे तीर्थंकर मुनिसुव्रतस्वामी यांचे लांछन कच्छप आहे. ज्ञाताधर्मकथेतील दोन कासवांचा दृष्टांतही अनेकांनी प्रवचनांतून ऐकला असेल. ज्याने अवयव आत आवरून धरले ते कोल्ह्यांच्या तावडीतून वाचले. ज्याने उतावीळपणे पाय बाहेर काढला ते प्राणास मुकले. अशा कथांमुळे कवच म्हणजे दगडासारखी, न दुखणारी ढाल, असे मनात ठसते. प्रत्यक्ष कासवाचे कवच मात्र फार नाजूक हिशेबावर उभे असते.

माझ्या भाच्याचे धुळ्याला कापडाचे दुकान आहे. तीन वर्षांपूर्वी कोणीतरी सांगितले, म्हणून त्याने बरकतीसाठी गल्ल्यापाशी एक कासव आणून ठेवले. काचेचा वाडगा, चार बोटे पाणी, रंगीत खडे आणि त्यात डब्याच्या झाकणाएवढे हिरवे पिल्लू. कानाच्या जागी लाल पट्टा असलेली ही जात मूळची अमेरिकेतील मिसिसिपी खोऱ्यातली. इंग्रजीत तिला रेड-इअर्ड स्लायडर म्हणतात. आपल्या नद्यांतील देशी कासवे घरी पाळणे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये गुन्हा आहे, त्यामुळे मत्स्यालयांच्या दुकानांत बहुधा हीच दिसतात. सहा महिन्यांनी भाच्याचा फोन आला, "मामा, याची पाठ बोटाने दाबली तर दबते. असं असतं का?" मी जळगावहून गेलो आणि आम्ही दोघांनी ते पशुवैद्यांकडे नेले.

त्यांनी सांगितलेले मी वहीत टिपून घेतले. कवच हे कासवाचे घर नव्हे, ते त्याचे हाड आहे. पाठीचा कणा आणि फासळ्या रुंद होऊन एकमेकींना जुळतात, तेव्हा वरची ढाल होते. तिच्यावर आपल्या नखांसारख्या द्रव्याचे पातळ पट्ट असतात. कवचाला स्पर्श कळतो, वेदनाही होते. हे हाड घट्ट राहण्यास कॅल्शियम लागते, आणि ते अंगी लागण्यास ड-३ जीवनसत्त्व. हे जीवनसत्त्व कासवाचे शरीर उन्हातील अतिनील किरणांपासून बनवते. अन्नातून कॅल्शियम आले नाही, किंवा ऊन मिळाले नाही, तर शरीर ते हाडांतून काढू लागते. बँकेत आयुष्य घालवलेल्या माणसाला हे लगेच उमगते: जमा थांबली आणि खर्च चालूच राहिला, तर मुद्दल खाल्ले जाते. दुकानात उजेड भरपूर होता, पण तो काचेतून येत होता. साधी काच हे किरण जवळजवळ पूर्ण अडवते.

भाच्याने वाडगा काढून मोठी टाकी घेतली. त्यात पाण्याबाहेर चढून पूर्ण कोरडे होता येईल असा ओटा, वर अतिनील किरणांची नळी आणि पाणी गाळणारे यंत्र बसवले. ती नळी उजेड देत राहते, तरी तिचे किरण सहा महिने ते वर्षभरात क्षीण होतात. म्हणून बसवल्याची तारीख तिच्यावर लिहून ठेवावी. वाढत्या कासवाच्या पट्टांवरून पारदर्शक पापुद्रे निघतात. ते स्वाभाविक आहे. ते ओढून काढू नयेत. मात्र पांढरा वा गुलाबी मऊ डाग, खाली खड्डा आणि दुर्गंधी असेल तर ती कुज समजावी आणि त्याच दिवशी वैद्य गाठावा. हळदी-कुंकू, तेल, रंग यांपैकी काहीही कवचावर लावू नये. श्रद्धेने कुंकवाचा टिळा लावणारे गिऱ्हाईक भाच्याला हात जोडून थांबवावे लागते! कासवाला किंवा त्याच्या पाण्याला हात लावल्यावर साबणाने हात धुणेही आवश्यक आहे, कारण त्यांच्या अंगावर साल्मोनेला जिवाणू असू शकतात. याच कारणाने अमेरिकेत १९७५ पासून चार इंचांहून लहान कवचाच्या कासवांच्या विक्रीवर बंदी आहे.

आपल्या खानदेशात ऊन फुकट आहे, पण मेमध्ये पारा ४५ अंशांकडे जातो. गच्चीवर उथळ घमेल्यात, सावलीविना ठेवलेले कासव अशा उन्हात तासाभरातही दगावू शकते. म्हणून सकाळचे कोवळे ऊन, तेही अर्धी सावली ठेवून. उलट डिसेंबर-जानेवारीत धुळ्याचा पारा दहाच्या खाली उतरतो. मग पाण्यात हीटर हवा, नाहीतर ते खाणे सोडते.

आपल्या घरांत खरी अडचण आहाराची आहे. या जातीचे पिल्लू प्रामुख्याने मांसाहारी असते. मोठे झाल्यावर ते पानांकडे वळते. दुकानात मिळणाऱ्या गोळ्यांत मासळीची भुकटी असते. पोळी, भात आणि दूध घालून ते जगवता येत नाही. कवच मऊ पडण्याचे एक कारण भाच्याच्या घरी हेच होते. मोठ्या कासवाला शेवग्याचा किंवा तुतीचा पाला उत्तम. पालक कमी, कारण त्यातील ऑक्झॅलिक आम्ल कॅल्शियम बांधून ठेवते. चातुर्मासात पालेभाजी घरात येत नाही, तेव्हा माझ्या बहिणीने कासवासाठी शेवग्याची फांदी दुकानाच्या मागच्या दाराने आणवण्याचा तोडगा काढला. ज्याला मासळीच्या गोळ्या हातात धरवत नाहीत, त्याने कासव विकत न घेणे हीच खरी दया, असे माझे स्पष्ट मत आहे. आणल्यावर मात्र त्याला आपल्या व्रतावर उपाशी ठेवण्याचा अधिकार आपल्याला नाही.

पर्युषणात कोणी सुचवले, त्याला पांझरेत किंवा नकाणे तलावात सोडून अभयदान द्या. जळगावातही मेहरुण तलावाचे नाव असेच निघते. हे दान नव्हे. जगातील सर्वाधिक उपद्रवी शंभर परकीय जीवांच्या यादीत ही जात आहे. ती देशी कासवांचे अन्न आणि उन्हाला बसण्याच्या जागा बळकावते, रोगही पसरवू शकते. एकाला सोडून आपण कितींच्या जिवावर उठतो, याचा विचार करावा.

पाठ घट्ट व्हायला सात-आठ महिने लागले. कडेची एक बाजू किंचित वाकडीच राहिली. नीट सांभाळले तर ही जात तीस वर्षे सहज जगते आणि मादी ताटाएवढी होते. भाचा आज बावन्न वर्षांचा आहे. मी त्याला म्हटले, खात्याला वारस लावतोस, तसा यालाही लाव. त्याने मुलीला विचारले. ती पुण्याला शिकते. टाकी केवढी लागेल, एवढेच तिने विचारले आणि हो म्हणाली.