बोहारणीचं गाठोडं जातं कुठे?

बालमित्रांनो, बोहारीण तुम्ही पाहिली आहे का? मोठ्या शहरांतल्या मुलांनी कदाचित नसेल पाहिली. मग आजीला विचारा. डोक्यावर भांड्यांची पाटी नि पाठीशी कपड्यांचं गाठोडं! ती दारात बसली, की आजी जुनी पातळं, बाबांचे विटलेले शर्ट पुढे करते आणि घासाघीस सुरू होते. "एवढ्या कपड्यांत एवढंसंच पातेलं?" "बाई, अजून एक साडी टाका, मग झाकणपण देते!" शेवटी पातेलं घरात येतं नि गाठोडं गल्लीच्या वळणावर दिसेनासं होतं.

पुढे काय होतं हो त्या कपड्यांचं? हे पाहायचं असेल तर पहाटे उठावं लागेल. उठणार ना? मग चला माझ्याबरोबर दिल्लीला!

गेल्या हिवाळ्यात मी माझ्या नणंदेकडे दिल्लीला गेले होते. तिचं घर पश्चिम दिल्लीत, टागोर गार्डनला. तिथून जवळच रघुबीर नगर नावाची वस्ती आहे. या वस्तीत रोज भल्या पहाटे जुन्या कपड्यांचा बाजार भरतो. त्याचं नाव मोठं गमतीचं आहे : घोडा मंडी! पण तिथे घोडे शोधू नका हं. तिथे असतात कपडे, कपडे आणि कपडेच.

आम्ही पोचलो तेव्हा पाच वाजायचे होते. दाट धुकं, कडाक्याची थंडी. पण बाजार केव्हाच जागा झाला होता. जमिनीवर चादरी अंथरून बायका ओळीनं बसलेल्या. बहुतेक जणी गुजरातमधून आलेल्या देवीपूजक समाजाच्या. आदल्या दिवशी दिल्लीच्या गल्ल्यांतून फिरून, भांडी देऊन त्यांनी हे कपडे जमवलेले. रात्री घरी बसून त्यांची निवड केलेली : शर्ट एकीकडे, साड्या एकीकडे, लहान मुलांचे कपडे तिसरीकडे.

आणि गिऱ्हाइकं? ते सगळे व्यापारीच. त्यांचे हात पाहण्यासारखे असतात बरं का! एका हातात विजेरी. दुसऱ्या हातानं शर्टाची कॉलर उलटायची, कारण शर्ट आधी झिजतो तो तिथेच. मग बाहीची कड, मग काखेची शिवण. पॅन्ट उजेडापुढे धरायची, म्हणजे बारीकसं भोकसुद्धा चमकतं. हे सगळं दहा सेकंदांत! लगेच भाव. विकणारी मावशीही कच्ची नसते. "भवानी झाली नाही अजून, कमी भाव नका सांगू," असं ती तिच्या हिंदीत ठणकावते.

इथून कपड्यांच्या वाटा वेगवेगळ्या होतात. धड असलेले शर्ट-पॅन्टी धुऊन, बटणं लावून, कडक इस्त्री होऊन आठवडी बाजारात जातात. तिथे कुणी मजूर आपल्या मुलाला दिवाळीचा शर्ट घेतो. रेशमी साड्यांच्या उशांचे अभ्रे, पिशव्या नि घागरे होतात. जुना अस्सल जरीचा शालू असेल, तर जर जाळून त्यातली चांदी काढतात. फाटकं सुती कापडही वाया जात नाही. त्याची चिंधी कारखान्यात यंत्रं पुसायला जाते.

आणि लोकर? तिच्यासाठी दिल्लीच्या उत्तरेला पानिपत आहे. होय, इतिहासाच्या पुस्तकातलं तेच पानिपत! आज तिथे जुन्या लोकरीपासून नवं सूत काढतात. थंड देशांतले जुने कोट, स्वेटर जहाजानं गुजरातेतल्या कांडला बंदरात उतरतात. ते तसेच्या तसे विकले जाऊ नयेत म्हणून आधी कापतात. पानिपतला बायका त्यांची बटणं नि चेन काढतात. लालात लाल, निळ्यात निळा असे ढीग लावतात, म्हणजे पुन्हा रंगवायला नको. मग यंत्रात पिंजून सूत कातायचं नि घोंगड्या विणायच्या. भूकंप, पूर झाला की मदत म्हणून अशा घोंगड्या वाटतात. ही युक्ती १८१३ साली इंग्लंडमधल्या बॅटली गावात बेंजामिन लॉ यानं काढली.

आता परत घोडा मंडीत येऊ. तिथे मला कॉलेजात जाणाऱ्या दोन मुली भेटल्या. एका ढिगातून त्यांनी निळं डेनिमचं जाकीट उचललं. तेही उलटून, ताणून पाहिलं, पैसे दिले. मी विचारलं, "घालणार का हे?" तर म्हणाल्या, "नाही दीदी, फोनवर विकणार!"

मला नवल वाटलं. मंडीतला व्यापारी कपडा बोटांनी चाचपतो. फोनवरचं गिऱ्हाईक तर कुठे गुवाहाटीला, कुठे कोचीला बसलेलं. त्याची बोटं इथे कशी पोचणार? त्यांनी सगळं समजावून सांगितलं. आधी जाकीट धुवायचं. मग दिवसाउजेडी फोटो काढायचे, कारण दिव्याच्या उजेडात रंग खोटा दिसतो. मग कपडा सपाट पसरून टेपनं मापं घ्यायची : एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंत किती इंच, खांद्यापासून खाली किती. नुसतं 'मध्यम' लिहून भागत नाही, एका कंपनीचं मध्यम ते दुसरीचं लहान असतं! आणि सर्वांत महत्त्वाचा फोटो कशाचा, सांगा पाहू?

डागाचा!

बाहीवर शाईचा ठिपका होता. एकीनं त्याच्याशेजारी रुपयाचं नाणं ठेवलं, म्हणजे ठिपका केवढा ते कळावं, आणि फोटो काढला. म्हणाली, "डाग लपवला तर विकलं जाईल, पण एकदाच."

असं न पाहता घेण्याचा हा बाजार काही कालचा नाही. १९९५ साली अमेरिकेत पिअर ओमिडियार यानं संगणकावर लिलावाचं दुकान मांडलं, तेच पुढे 'ईबे' झालं. त्यावरची पहिली विक्री कसली होती ठाऊक आहे? एका बिघडलेल्या लेझर पॉइंटरची! १४ डॉलर ८३ सेंटना तो गेला. ओमिडियारनं घेणाऱ्याला मुद्दाम विचारलं, "तो बिघडलेला आहे, कळलं ना?" उत्तर आलं, "मी बिघडलेलेच जमवतो!" पुढे २००८ साली लिथुआनियातल्या विल्नियस शहरात मिल्दा मित्कुते हिला घर बदलायचं होतं नि कपडे झाले होते फार. त्यातून तिनं एका मित्राबरोबर 'विंटेड' सुरू केलं. आज युरोपातले कितीतरी लोक त्यावर जुने कपडे घेतात-देतात. आपल्याकडे २०२० च्या टाळेबंदीच्या काळात अशी फोनवरची दुकानं खूप वाढली.

निघताना मी एका मावशींना विचारलं, "फोनवर विकता का तुम्ही?" त्या हसल्या. "आमचा फोन बोलायचा. नि हल्ली मोठ्या इमारतींचा पहारेकरी फाटकातच अडवतो." मित्रांनो, फोनवर दिसतं ते नीटनेटकं जाकीट. पण ढिगातून त्याला पहिल्यांदा वेचलं, ते कुणाच्या तरी दारात उन्हात बसलेल्या या मावशींनी. पाणी वाचवा, कचरा कमी करा, असं आपण शाळेत शिकतो. एका सुती टी-शर्टामागे कापसाच्या शेतापासून सुमारे २,७०० लिटर पाणी लागतं असा अंदाज आहे. तो शर्ट आणखी दोन वर्षं कुणाच्या अंगावर राहिला, तर ती या मावशींचीच कमाई! तेव्हा दारात बोहारीण आली, तर तिला आधी पाणी विचारा.

आता तुमच्यासाठी एक उद्योग. तुम्हांला आखूड झालेला एक कपडा घ्या. आईच्या टेपनं त्याची मापं घ्या. मग वहीत पाच ओळींत त्याचं असं वर्णन लिहा, की न पाहताही तो डोळ्यांपुढे उभा राहावा. पाचवी ओळ त्याच्या डागाची, उसवलेल्या शिवणीची नाहीतर तुटक्या बटणाची हवी. तो विकायचा, कुणाला द्यायचा की धाकट्या भावंडासाठी ठेवायचा, ते आई-बाबांशी बोलून ठरवा. फोनवर काही टाकायचं तर तेही मोठ्यांनीच.

आणि पाचवी ओळ लिहायला जड जात असेल, तर तीच आधी लिहा!