कोल्हापूरला जाल तेव्हा...

मैत्रिणींनो, कोल्हापूरला जायचं म्हटलं की आपले बेत ठरलेलेच! अंबाबाईचं दर्शन, ओटी, साज बघायला गुजरीत एक चक्कर, यजमानांसाठी चपला आणि संध्याकाळी रंकाळ्यावर भेळ. पुढच्या खेपेला मात्र देवळातून निघालात की थोडी पायपीट करून खरी कॉर्नरला जा. तिथे कलामहर्षी बाबूराव पेंटर यांच्या स्मरणार्थ कॅमेऱ्याचा स्तंभ उभा आहे.

बाबूराव मूळचे मेस्त्री. नाटकाचे पडदे रंगवता रंगवता त्यांना सिनेमाचा ध्यास लागला आणि १९१८ साली त्यांनी स्वतः कॅमेरा तयार केला. कंपनी काढायला पैसा कुणी दिला, ठाऊक आहे? तानीबाई कागलकर या गायिकेनं! म्हणजे या उद्योगाच्या मुळाशी एका बाईचा पैसा आहे बरं का.

१९२५ साली बाबूरावांनी 'सावकारी पाश' काढला. कर्जापायी जमीन गमावून शहरात गिरणीकामगार होणाऱ्या शेतकऱ्याची ही कथा. तरुण शेतकरी झाले होते व्ही. शांताराम. पण देवादिकांचे चमत्कार बघायला सरावलेल्या प्रेक्षकांनी त्याकडे पाठ फिरवली. आज जाणकार त्याची गणना आपल्याकडच्या पहिल्या वास्तववादी चित्रपटांत करतात; पण बघावा म्हटलं तर त्याची एकही प्रत शिल्लक नाही!

त्या स्तंभापाशी उभी राहिले की मला माझ्या सासूबाई आठवतात. आम्ही त्यांना आत्याबाई म्हणत असू. १९९१ साली 'माहेरची साडी' आला, तेव्हा कोल्हापुरातच आम्ही दोघी शेजारी बसून पदर भिजेपर्यंत रडलो. घरी आल्यावर दिरांनी थट्टा मांडली. 'रडका सिनेमा' म्हणून शहाण्या मंडळींनी नाक मुरडलं होतंच. मीही पटकन म्हणून गेले, "छे, काही अर्थ नव्हता त्यात."

आत्याबाई भाकरी थापत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "मग रडलीस कशाला गं?"

मला उत्तर देता आलं नाही. अलका कुबल यांनी उभ्या केलेल्या त्या सोशिक सुनेत आत्याबाईंना आपलं काय दिसलं, हे मी कधी विचारलंच नाही. आता विचारायला त्या नाहीत.

नावं ठेवलेला प्रत्येक सिनेमा चांगलाच असतो, असं मुळीच नाही. पण निवाडा दुसऱ्याच्या तोंडून का ऐकावा? असा एखादा जुना सिनेमा टीव्हीवर लागला, तर हातातलं काम बाजूला ठेवा, घरातल्या वडीलधाऱ्या बाईला शेजारी बसवा आणि संपल्यावर विचारा, "तुम्हाला काय आठवलं हो?" सिनेमा कसा का असेना, ते उत्तर मात्र हरवू देऊ नका.