एका वेळी एकच

गेल्या दिवाळीत पुण्याहून आलेल्या भाच्याने एक जुने यंत्र आमच्यापुढे ठेवले. टँडी मॉडेल १०० हा १९८३ सालचा, मांडीवर मावणारा, चार पेन्सिल सेलवर चालणारा संगणक. पडद्यावर ४० अक्षरांच्या आठच ओळी. आता त्याला टेलिफोनची तार लागत नाही. वायफायला जोडलेली एक डबी मोडेमचे सोंग घेते आणि नंबर फिरवल्यासारखे करून परदेशातला 'बुलेटिन बोर्ड' गाठून देते.

असा पहिला फलक वॉर्ड क्रिस्टेन्सन व रँडी स्यूस यांनी १९७८ च्या फेब्रुवारीत शिकागोत सुरू केला. टेलिफोनची लाइन एकच. एकाने निरोप लिहून लाइन सोडली, की दुसऱ्याची पाळी.

हे ऐकताना आम्हांस १९८४ ची निपाणी आठवली. कोल्हापुरात वडील बंधू अत्यवस्थ होते. ट्रंक कॉल नोंदवून आम्ही चार तास टेलिफोनपाशी बसून राहिलो. नोंद झाली की वाट पाहायची, ही कचेरीची सवय. कोल्हापूर जेमतेम ४० किलोमीटर, एस.टी. धरली असती तर भेट झाली असती. आमच्याच जिल्ह्यात, कित्तूरला, सी-डॉटचे पहिले ग्रामीण एक्स्चेंज बसले ते १९८६ मध्ये.

"मामा, लागला!" भाचा म्हणाला. अक्षरे एकामागून एक उमटू लागली. निरोप कोणासाठी, असा प्रश्न पडद्यावर आला. आम्ही बंधूंचे नाव रोमन लिपीत लिहिले, क्षणभर पाहिले, पुसले आणि लाइन सोडली.