कलकत्ता, शनिवार आणि आम्ही 'बर्गी'

प्रोजेक्टच्या कृपेने सध्या तीन महिने मुक्काम पोस्ट कलकत्ता. ऑफिस सॉल्ट लेकच्या सेक्टर फाइव्हमध्ये. तिथल्या काचेच्या बिल्डिंगी बघून आपण हिंजवडीत नाही हे सांगूनही पटणार नाही. त्यामुळे पहिला शनिवार मिळाल्या मिळाल्या बाहेर पडलो.

ऑगस्ट २०२५ पासून इथून मेट्रो थेट हावड्यापर्यंत जाते, तीही हुगळीच्या पात्राखालून! नदीखालचा प्रवास जेमतेम पाऊण मिनिटाचा. बोगद्यात तेवढ्यापुरते निळे दिवे दिसतात. डब्यात कोणी मोबाईलमधून मान वर केली नाही. मीच आपला लहान पोरासारखा काचेला नाक लावून उभा :)

येताना हावडा ब्रिजवरून चालत आलो. १९४३ चा पूल, नदीत एकही खांब नाही, आणि सगळं पोलाद नटबोल्टांऐवजी रिव्हेटांनी जोडलेलं. इंजिनियर माणसाने थांबून बघावं असंच काम आहे. पण थांबता येईल तर शपथ! डोक्यावर भलीमोठी टोपली घेतलेला माणूस मागून जे काही ओरडतो त्याचा अर्थ बंगाली न येताही बरोबर कळतो. पुलाखाली मल्लिक घाटाचा फुलबाजार. झेंडूच्या माळा दोरखंडाच्या गुंडाळ्यांसारख्या रचलेल्या, खाली चिखल, आणि हातात मातीच्या भांड्यातला दोन घोटांचा चहा.

संध्याकाळी टीममधल्या मित्राने घरी जेवायला बोलावलं होतं. त्याच्या आजीने विचारलं, कुठला तू? म्हटलं, नागपूरचा, मराठी. आजी हसून म्हणाल्या, "ओ, बर्गी!"

मला काही झेपलं नाही. मग मित्राने सांगितलं. इथे पोरांना झोपवायच्या अंगाईत बर्गी येतात. आपल्याकडे बागुलबुवा असतो ना, तसे. आणि बर्गी म्हणजे आपले बारगीर. म्हणजे आपणच की!

१७४१ ते १७५१ अशी दहा वर्षं नागपूरकर भोसल्यांच्या फौजा बंगालवर स्वाऱ्या करत होत्या. तहात ओरिसा आणि वर्षाला बारा लाख चौथाई मिळाली. हे आम्ही शाळेत छाती फुगवून वाचलं. बंगाली बाजूने तेच गंगाराम नावाच्या कवीने त्याच काळात 'महाराष्ट्र पुराण' या काव्यात लिहिलंय. त्यात जळालेली गावं आहेत, पळणारी माणसं आहेत, बायकांवरचे अत्याचार आहेत. धास्तीपायी १७४२ मध्ये कलकत्त्याभोवती खंदक खणायला घेतला, त्याचं नावच 'मराठा डिच'. मराठे काही तिथवर पोचले नाहीत आणि खंदकही अर्धवट राहिला. पुढे तो बुजवून त्यावर सर्क्युलर रोड झाला. म्हणजे सियालदहला ज्या रस्त्यावर मी सकाळी रिक्षा शोधत होतो, तो आपल्या भीतीने खणलेला!

मी महालात वाढलोय. रघुजीराजांची तलवार २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारने लंडनच्या लिलावातून मिळवली तेव्हा आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दिवाळी होती, आणि मीही त्यात होतो. तो अभिमान खोटा नव्हता, आजही नाही. पण आता त्याच्या शेजारी ती अंगाई येऊन बसलीय आणि काही केल्या उठत नाही. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं, हे पुस्तकात वाचणं वेगळं आणि समोर पानात लुची वाढणाऱ्या आजीकडून ऐकणं वेगळं. त्यांच्या मनात राग नव्हता. तिसरी, चौथी लुची आग्रहाने वाढतच होत्या. राग असता तर वाद घालणं सोपं गेलं असतं.

रात्री आईला फोनवर हे सगळं सांगितलं. ती जरा वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, "पुढच्या खेपेला संत्रा बर्फी देते, त्या आजींना नेऊन दे."

असो. पुढचा शनिवार कॉलेज स्ट्रीटच्या जुन्या पुस्तकांसाठी राखून ठेवलाय. 'महाराष्ट्र पुराण' मिळतं का बघतो. बंगाली येत नाही, मित्र वाचून दाखवणार आहे.