ओलें पीस

गेल्या नोव्हेंबरांत धाकट्या भावाकडे ओरेगनला गेलों होतों. कॅस्केड पर्वताच्या पश्चिमेकडील त्या प्रदेशांत पावसाळा आपल्यासारखा ज्येष्ठ-आषाढांत येत नाहीं. तो कार्तिकाच्या सुमारास येतो, आणि आला म्हणजे गर्जना वगैरे न करतां, कुरकुरणाऱ्या दुखणेकऱ्यासारखा दिवसचे दिवस टिपटिपत राहतो. अशाच एका संध्याकाळीं चहाच्या आशेनें मी स्वयंपाकघरांत डोकावलों, तों आमचे बंधुराज टेबलाशीं बसून पिशवींतल्या पांढऱ्या पुडींत बाण घुसळीत होते. मला ती तांदळाची पिठीच वाटली.

भाऊ शिकारीला जातो हें मला ठाऊक होतें, आणि मला तें पसंत नाहीं हें त्याला ठाऊक होतें. आमच्या घराण्यांत आजवर उंदराखेरीज कशाची शिकार कोणीं केलेली नाहीं, आणि तीहि पिंजऱ्यानें. त्यामुळें या विषयावर आम्ही दोघेहि सहसा बोलत नसूं.

"हें रे काय?" मीं विचारलें.

"दादा, पिसांना पाऊस लागूं नये म्हणून."

बाणाच्या बुडाशीं बहुधा तीन पिसें असतात, आणि तीं तिन्ही पक्ष्याच्या एकाच बाजूच्या पंखाचीं लागतात. डाव्या-उजव्यांची सरमिसळ चालत नाहीं. धनुष्यापासून सुटतांना बाणाची काठी माशासारखी वळवळते. पिसें हवेला अडतात, शेपटीला मागें धरतात आणि टोंकाला वाटेवर आणतात. हल्लीं प्लास्टिकचीं पिसें मिळतात व त्यांना पाण्याची भीति नाहीं. पण साध्या लांकडी धनुष्याच्या अंगाला घासून जातांना खरें पीस नमतें, प्लास्टिक तसें नमत नाहीं, आणि बाणाची वाट चुकते. म्हणून जुन्या चालीचे धनुर्धर टर्की पक्ष्याच्या पिसांना सोडीत नाहींत, आणि पाऊस त्यांना सोडीत नाहीं.

वस्तुतः पीस म्हणजे पाण्याचें मोठें वैरी. त्याचे बारीक तंतु सूक्ष्म आंकड्यांनीं एकमेकांत गुंतलेले असतात. त्यांच्यामध्यें हवा कोंडलेली असते आणि पावसाचा थेंब पिसावर नव्हे, तर जवळजवळ त्या हवेवरच बसतो. कॅसी व बॅक्स्टर या शास्त्रज्ञांनीं 1944 मध्यें या गोष्टीचें गणित मांडून दाखविलें. पण ही घडी पक्ष्याला रोज राखावी लागते. शेपटीच्या बुडाशीं असलेल्या ग्रंथींतील तेल तो चोचीनें पिसांना चोळतो आणि सुटलेले आंकडे पुन्हां गुंतवितो. बाणावर चढलेल्या पिसाला ही चोच नाहीं. तें पोरकें पीस असतें. तेल फार झालें तर तंतु चिकटतात. म्हणून कोणी फवारा मारतो, तर कोणी माझ्या भावासारखी पाण्याला थारा न देणारी वाळूच्या जातीची अतिसूक्ष्म पूड वापरतो.

हें ऐकतांना मला 'रघुवंशा'तला दिलीप आठवला. सिंहावर बाण काढावयास गेलेला त्याचा हात बाणाच्या पिच्छालाच चिकटून राहिला, तीं पिसें कंकाचीं होतीं. कंक म्हणजे बगळ्याच्या जातीचा पक्षी; आणि या कुळांतल्या पक्ष्यांच्या अंगावर कांहीं पिसें अशीं असतात कीं, त्यांचीं टोंकें झडून आपोआप भुकटी होते व पक्षी ती अंगभर माखतो. भावाच्या पिशवींतली पूड निसर्गानें कंकाला जन्मतःच दिली आहे! ॲस्कम हा केंब्रिजचा ग्रीकचा पंडित. त्याचा धनुर्विद्येवरचा 1545 सालचा ग्रंथ मीं केवळ इंग्रजी गद्याचा नमुना म्हणून वर्गांत सांगत आलों. त्यांत त्यानें हंसिणीचे गोडवे गाइले आहेत; कारण ती बाणालाहि पीस देते आणि लेखणीलाहि. तें वाक्य मुलांना समजावतांना मी नेहमीं हंसत असें. बाण आणि लेखणी हीं एकाच पंखाचीं आहेत, यांत हंसण्यासारखें कांहीं नाहीं हें मला त्या रात्रीं उमगलें.

सकाळीं भावानें घरामागें मला प्रयोग दाखविला. दोन बाण, एक पुडीचा, एक कोरा, त्यानें पावसांत ठेवले. पुडीच्या बाणावरून थेंब मोत्यांसारखे ओघळून गेले; कोऱ्या बाणाचीं पिसें भिजलेल्या मांजराच्या केसांसारखीं काठीला चिकटलीं. वीस पावलांवर गवताचा भारा होता. पहिला बाण मध्यावर रुतला. दुसरा शेपूट हालवीत गेला आणि वीतभर बाजूला तिरपा लागला.

"ही वीतभर जागा म्हणजे हरणाचें पोट," भाऊ म्हणाला. "तें मरत नाहीं; दोन दोन दिवस रानांत फिरतें. दादा, ही पूड मी माझ्यासाठीं लावीत नाहीं."

मी गप्प झालों. पण हरणामुळें नव्हे. बारा वर्षांपूर्वीं आमचे वडील वारले तेव्हां तो येऊं शकला नाहीं. तेराव्याच्या रात्रीं मीं त्याला एक पत्र लिहिलें. माझी भाषा धारदार आहे असें विद्यार्थी म्हणतात. ती सारी धार मीं त्या पत्रांत ओतली, आणि सकाळ व्हावयाची वाट न पाहतां तें धाडून दिलें. त्याच आठवड्यांत त्याच्या घरीं दिवस भरण्यापूर्वींच मूल जन्मलें होतें व तें काचेच्या पेटींत होतें, हें मला महिन्यानें तिसऱ्याच माणसाकडून कळलें. आमच्या दुःखांत भर नको म्हणून त्यानें तें लपविलें होतें. पत्र पोंचलें एवढें मला ठाऊक होतें. तें कोठें लागलें, हें मीं कधीं विचारलें नाहीं.

रविवारीं तो पहांटे रानांत गेला आणि अंधार पडल्यावर रिकाम्या हातानें, नखशिखांत भिजून परतला. हरीण दिसलें होतें. पंधरा पावलांवर उभें होतें. पण भात्याचें झांकण मागेंच कोठें तरी सुटलें होतें, आणि ओल्या झुडपांतून दिवसभर घासून पुडीचाहि इलाज सरला होता. त्यानें धनुष्य खालीं केलें.

"इतक्या जवळ होतें ना?" शिकारीला नांवें ठेवणारा मीच बोलून गेलों.

"जवळ होतें म्हणूनच. लागला असता, पण कोठें तें सांगतां आलें नसतें."

मग त्यानें गॅसवर किटली ठेवली. दबलेलें पीस वाफेवर धरलें कीं पुन्हां उभें राहतें. किटलीच्या तोंडाशीं तो बाण फिरवूं लागला, आणि पीस खरोखरच हळूहळू उकलूं लागलें. मी कांहीं वेळ पाहत उभा राहिलों.

"तें पत्र..." मी म्हणालों.

त्यानें मान वर केली नाहीं. भात्यांतला दुसरा बाण काढून माझ्या हातीं दिला.

"हा तूं धर, दादा," तो म्हणाला. "वाफेच्या फार जवळ मात्र नको."